मिरगाआधीचं तेल

बंदुकीबद्दल बोलायला लागलं, की ऐकणाऱ्याचा पहिला प्रश्न नळीबद्दल असतो. किती बोअरची, गोळी किती लांब जाते, कुठल्या कारखान्यातली. मी पस्तीस वर्षं शाळेत इतिहास शिकवला. मुलांना घेऊन कितीतरी वस्तुसंग्रहालयं पाहिली. पण बंदुकांच्या कपाटापुढे उभं राहून ‘सर, हे लाकूड इतकी वर्षं टिकलं कसं?’ असं विचारणारा एकही विद्यार्थी मला भेटला नाही. खरं तर प्रश्न विचारण्याजोगा भाग तोच आहे. लोखंड गंजतं ते डोळ्यांना दिसतं, पुसता येतं. लाकूड मात्र गुपचूप फुगतं, गुपचूप आकसतं, आणि एक दिवस चीर गेल्यावरच आपल्याला कळतं.

तर आज या लाकडाबद्दल, म्हणजे बंदुकीच्या दस्त्याबद्दल बोलायचं आहे. खांद्याला टेकतो तो मागचा भाग आणि नळीच्या पोटाखालून पुढे जातं ते लाकूड, दोन्ही मी दस्त्यातच धरतो. या विषयाकडे मी पुस्तकांतून आलो नाही. एका चुकीमुळे आलो. ती चूक माझीच होती. ती पुढे सांगतो.

आमचं गाव तळकोकणात. घरात शेतीसंरक्षणाच्या परवान्यावरची एक काडतुसाची एकनळी बंदूक होती. रानडुकरं भातात शिरायची, वानर केळींचा फडशा पाडायचे, म्हणून वाडीत अशा चार-पाच बंदुका होत्या. बाकीच्या घरांतल्या बहुतेक ठासणीच्या. त्यांच्या दस्त्यांना माणसं खोबरेल चोळायची. घरात तेल तेच, मग दुसरं कोण शोधणार? आमचे आजोबा मात्र खोबरेलाला हात लावू देत नसत. मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात, मिरग लागायच्या आधी, ते बंदूक माजघरातल्या खुंटीवरून काढून पडवीत आणायचे, जुन्या मलमलीच्या चिंधीवर जवसाच्या तेलाचे चार-पाच थेंब घ्यायचे आणि तळहाताने दस्ता घासत बसायचे. लाकूड गरम होईपर्यंत. मग कोरड्या फडक्याने सगळं पुसून काढायचे. इतकं, की नुकतं तेल लावलंय हे बघणाऱ्याला खरं वाटू नये. मी एकदा विचारलं, हे एवढं कशाला? ते म्हणाले, “झिला, लाकूड पावसाळ्यात पाणी पिता. तेच्या आदी तेका तेल पाजूक व्हया.”

जवसाचं तेल म्हटल्यावर अनेकांना क्रिकेटची बॅट आठवली असेल. नवी बॅट आणली की तिला आधी तेल द्यायचं, मग जुन्या बॉलने ठोकायची, हे आमच्या पिढीतल्या प्रत्येक मुलाला ठाऊक होतं. तेल तेच. विदर्भात आणि मराठवाड्यात ज्याची चटणी करतात ते जवस, इतरत्र ज्याला अळशी म्हणतात. याच्या तेलाचा एक गुण खोबरेलात नाही. ते वाळतं. वाळतं म्हणजे उडून जात नाही. हवेतला प्राणवायू शोषून घेतं आणि त्याचे कण एकमेकांत गुंतून एक घट्ट, लवचिक पापुद्रा तयार होतो. म्हणूनच वाळलेल्या जवस तेलाचं वजन भरत जातं, घटत नाही. खोबरेल वर्षानुवर्षं ओलंच राहतं, धूळ धरतं, खवट होतं. वाडीतल्या बाकीच्या बंदुकांना बोट लावलं तर चिकट का लागायचं आणि आजोबांची बंदूक कोरडी का लागायची, याचं उत्तर एवढंच आहे.

आजोबांना हे कोणी शिकवलं? पलटणीने. ते मराठा लाइट इन्फंट्रीत होते. बेळगावला रंगरूट म्हणून उभे राहिले तेव्हा हातात थ्री नॉट थ्री आली आणि तिच्याबरोबर दोन तेलांचा धडा आला. या रायफलच्या दस्त्याच्या टोकाला पितळी झाकण असतं. ते उघडलं की आत एक छोटी तेलाची कुपी आणि नळी साफ करायची दोरी. ती कुपी लोखंडाच्या तेलाची. खनिज तेल, जे कधीच वाळत नाही आणि वाळूही नये. लाकडाचं तेल वेगळं. लाकडाला कच्चं जवस तेल, आणि एकाचं दुसऱ्याला लागता कामा नये. लोखंडाचं तेल लाकडात मुरलं की ते लाकूड काळं पडतं, हळूहळू मऊ होतं आणि धक्का सोसायच्या जागीच दगा देतं. जुन्या शिकारी बंदुकांची मान, म्हणजे यंत्र आणि दस्ता जिथे मिळतात ती जागा, अनेकदा अशी काळी मेणचट झालेली दिसते. मालकाने मोठ्या प्रेमाने यंत्रात तेल ओतलेलं असतं, बंदूक उभी ठेवलेली असते आणि तेल वर्षानुवर्षं खाली लाकडात उतरत राहिलेलं असतं. म्हणून जाणते लोक तेल दिलेली बंदूक काही दिवस नळी खाली करून ठेवतात. आजोबा तेच करायचे. आम्हाला लहानपणी ते उलटं टांगलेलं शस्त्र पाहून हसू यायचं.

ही तेलाची शिस्त थ्री नॉट थ्रीच्या आधीची आहे. आपल्याकडच्या संस्थानी शस्त्रागारांतून आलेल्या तोड्याच्या बंदुका पाहा. त्यांच्या लाकडावर लाखेचा, रंगाचा, कधी सोन्याच्या वर्खाचा थर असतो, हाडाचं नाही तर हस्तिदंताचं जडावकाम असतं. ते काम देखणं आणि मानाचं. पण हजारो शिपायांच्या हातात द्यायच्या बंदुकीला असा साज परवडत नाही. ईस्ट इंडिया कंपनीच्या फौजेतली ती प्रसिद्ध ‘ब्राउन बेस’ बंदूक अक्रोडाच्या दस्त्याची होती. तिच्या नावातला ‘ब्राउन’ या लाकडाच्या रंगावरून आला असं काही जण म्हणतात. काहींना ते पटत नाही. असो. पुढे १८५३ सालच्या नमुन्याची एनफिल्ड रायफल आली. तिचाही दस्ता अक्रोडाचा आणि तोही जवसाच्या तेलावर पोसलेला. या रायफलीच्या काडतुसांना लावलेल्या चरबीमुळे १८५७ मध्ये काय झालं हे आपण सगळे शाळेत शिकलो. पण तिच्या लाकडाला लागणारं तेल कोणाच्याही धर्माआड येणारं नव्हतं, हे माझ्या मनात नेहमी येतं. ते आपल्याच शेतातल्या निळ्या फुलांच्या पिकाचं होतं.

‘आपल्याच शेतातल्या’ हे मी उगाच म्हणत नाही. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मुंबई आणि कलकत्ता या दोन्ही बंदरांतून जवस जहाजं भरभरून विलायतेला जायचं. नागपूर-वऱ्हाडकडचं जवस आगगाडीने मुंबईला उतरायचं. तिकडे त्याचं तेल निघायचं आणि रंग, छपाईची शाई, जमिनीवर अंथरायचं लिनोलियम अशा शेकडो कामांना लागायचं. त्यातलं थोडं बंदुकांच्या दस्त्यांनाही लागलं असेल. वऱ्हाडातल्या शेतकऱ्याला आपला दाणा कुठे जातो याची काय कल्पना असणार?

लंडनच्या उंची बंदुका बनवणाऱ्यांनी याच तेलाला एक सुंदर वळण दिलं. ते तेलात अल्कनेट नावाच्या वनस्पतीची मुळी भिजवायचे. तिचा गर्द तांबडा रंग तेलात उतरतो आणि अक्रोडाच्या रेषा जिवंत दिसायला लागतात. आपल्याकडे याच जातकुळीतल्या मुळीला रतनजोत म्हणतात. काश्मिरी रोगनजोशला लाल रंग येतो तो हिच्यामुळे. एकेका दस्त्याला असे पातळ हात कित्येक आठवडे द्यायचे. फौजेत असले लाड नव्हते. तिथे कारखान्यातच दस्ते तेलाच्या टाकीत बुडवायचे, आणि पुढचं सगळं शिपायाच्या तळहातावर सोपवलेलं.

ब्रिटिश फौजेने ली-एनफिल्ड १८९५ मध्ये स्वीकारली आणि १९०७ पासूनच्या तिच्या ‘मार्क थ्री’ नमुन्याची नळी तर थेट तोंडापर्यंत लाकडात बसवलेली होती. इथे लाकूड केवळ धरायला नसतं. नळी आत कशी टेकते, कुठे दाबली जाते, यावर नेम अवलंबून असतो. लाकूड उभ्या रेषेत जवळजवळ वाढत नाही, पण आडव्या रेषेत पावसाळ्यात फुगतं आणि उन्हाळ्यात आकसतं. तेवढ्याने नळीवरचा दाब बदलतो आणि कालपर्यंत बरोबर लागणारी गोळी आज हातभर बाजूला जाते. शिपाई स्वतःला दोष देतो, हवालदार शिपायाला. दुसरी अडचण धक्क्याची. गोळी सुटली की तिचा सगळा मागचा झटका पुढच्या लाकडातल्या दोन छोट्या जागांवर येतो. तिथलं लाकूड सुकून सैल झालं किंवा तेलाने कुजलं, तर चीर जाते.

आपल्याकडच्या हवेत हे फार घडायचं. बंगालमधल्या इच्छापूरच्या रायफल फॅक्टरीने त्यावर एक साधा उपाय काढला. त्या नाजूक जागेजवळ पुढच्या लाकडातून आडवा एक स्क्रूच घालून टाकला. जगभरचे संग्राहक आज त्याला ‘इच्छापूर स्क्रू’ म्हणतात आणि तो दिसला की रायफल हिंदुस्थानात राबलेली आहे हे ओळखतात. ऑस्ट्रेलियात लिथगोच्या कारखान्याला अक्रोड मिळेना, तेव्हा त्यांनी क्वीन्सलँड मेपल आणि कोचवुड ही देशी लाकडं वापरली. कोचवुड मऊ पडायचं, म्हणून धक्क्याच्या जागी तांब्याच्या पट्ट्या बसवल्या. खुद्द इंग्लंडमध्ये दुसऱ्या महायुद्धात बीच आणि बर्चवर वेळ भागवली. लाकडं बदलली तरी तेल मात्र सगळीकडे जवसाचंच राहिलं.

आजोबा चौथ्या पलटणीत होते. मार्च १९४४ मध्ये मणिपूरच्या डोंगरात सांगशाकला या पलटणीने पॅराशूट ब्रिगेडच्या बरोबरीने जपान्यांना चार-पाच दिवस अडवून धरलं. २६ मार्चच्या रात्री उरलेली माणसं अंधारात डोंगर उतरून निघाली. त्या रात्रीबद्दल आजोबा कधी बोलले नाहीत. नंतरच्या पावसाळ्याबद्दल बोलायचे. इंफाळच्या भोवती पाऊस लागला तेव्हा अंगावरचं कापड कुजायचं, बूट कुजायचे, आणि रायफल तेवढी कुजू द्यायची नाही अशी ताकीद असायची. एकदा त्यांच्या हाती एक जपानी रायफल लागली. तिच्या दस्त्यावर पाणी ठरत नव्हतं, थेंब अळवाच्या पानावरून घसरावेत तसे घसरायचे, असं ते सांगायचे. मला तेव्हा ती आजोबांची अतिशयोक्ती वाटायची.

ती नव्हती. जपानच्या अरिसाका रायफलींचे दस्ते ‘उरुशी’ने रंगवलेले असायचे. उरुशी म्हणजे एका झाडाचा चीक. अंगाला लागला तर पुरळ उठवणारा, आपल्या बिब्ब्याचा भाऊबंद म्हणावा असा. जपानी वाडगे, पेट्या ज्या चकचकीत लाखकामाने मढवतात, तेच हे. गंमत अशी, की उरुशी घट्ट व्हायला कोरडी हवा चालत नाही, दमट हवाच लागते. एकदा घट्ट झाली की पाण्याला दाद देत नाही. याच रायफलींत लाकडाची काटकसर म्हणून मागचा दस्ता दोन तुकडे सांधून केलेला असायचा, तरीही वरच्या लेपामुळे तो एकसंध दिसायचा. युद्धाच्या शेवटी-शेवटी ही कारागिरी उरली नाही.

मग चांगलं कोणतं, जवस की उरुशी? निव्वळ पाण्याचा विचार केला तर उरुशी वरचढ, यात शंका नाही. जवसाचं तेल पाण्याला अडवत नाही, फक्त त्याची गती कमी करतं. पण उरुशीचा टवका उडाला तर खंदकात बसलेला शिपाई काही करू शकत नाही. जवसाचा थर झिजला तर चार थेंब आणि एक तळहात पुरतो. ज्या वस्तूला रोज दगड-माती-काटे लागणार, तिला दुरुस्त करता येणारा लेपच बरा, असं माझं मत आहे. फौजेने स्वस्त म्हणून जवस निवडलं असेल. मला ते शहाणपणाचंही वाटतं.

आता माझी चूक. १९७९ च्या उन्हाळी सुट्टीत मी कॉलेजातून घरी आलो होतो. आजोबा लग्नासाठी आठवडाभर बाहेरगावी गेले होते. मला वाटलं, ही काळपट बंदूक छान चकचकीत करून ठेवू, आजोबा खूश होतील. सावंतवाडीहून पॉलिशपेपर आणला, चपडा लाख आणली, स्पिरिट आणलं. दोन दिवस दस्ता घासला. तीस वर्षांच्या हातांनी बसवलेला तो खोल तपकिरी रंग पिठासारखा खाली पडत होता आणि आतून पिवळट, कोरं लाकूड वर येत होतं. मला फार आनंद झाला. मग फ्रेंच पॉलिशचे आठ-दहा हात दिले. आरशासारखा दस्ता झाला.

आजोबा आले, त्यांनी बंदूक हातात घेतली, रागावले नाहीत. दस्त्याच्या टोकाशी अंगठा फिरवला. तिथली लोखंडी पट्टी आता लाकडाच्या वर उचललेली दिसत होती, कारण लाकूड झिजलं होतं आणि लोखंड होतं तिथेच होतं. मग डाव्या बाजूला, जिथे एक छोटा ठोकलेला शिक्का होता, तिथे अंगठा थांबला. शिक्का गेला होता. कारखान्याचं चिन्ह आणि खाली चार आकडे, इतकंच मला आठवत होतं. कोणते आकडे, कोणतं चिन्ह, मी कधी नीट पाहिलंच नव्हतं. बंदूक कुठे बनली हे सांगणारी ती एकच खूण होती. पुढे आयुष्यभर मी मुलांना ‘साधनं जपा’ म्हणून सांगत आलो, ते कुठल्या तोंडाने सांगत होतो हे माझं मला माहीत.

पुढच्या वर्षी, मे १९८० मध्ये विधानसभेची निवडणूक लागली. निवडणूक आली की परवान्याच्या बंदुका पोलीस ठाण्यात जमा करायच्या, हा कोकणातला नेहमीचा शिरस्ता. परत मिळायला जूनचा तिसरा आठवडा उजाडला. तोवर पाऊस धो-धो लागला होता. एका ओलसर खोलीत भिंतीला टेकवून ठेवलेल्या सगळ्या बंदुकांत आमची लगेच ओळखू आली. दस्त्यावर पांढरे ढग जमले होते. लाखेच्या पॉलिशला दमट हवेत असंच होतं, ते दुधाळ होतं. टेबलावर गरम चहाचा कप ठेवल्यावर उमटणारं पांढरं वर्तुळ असतं, तोच हा प्रकार. शेजारच्या खोबरेल लावलेल्या चिकट बंदुका माझ्या आरशापेक्षा धड होत्या.

इथे थोडं थांबून एक सांगायला हवं. संग्रहालयातले तज्ज्ञ आज आजोबांची पद्धतही मान्य करणार नाहीत. लाकडाला तेल ‘पाजावं’ लागतं ही समजूत ते सोडून देतात. जुन्या वस्तूवर वारंवार जवस दिलं की ते काळवंडतं, धूळ बांधून घेतं, आणि एकदा घट्ट झालं की मूळ थराला धक्का न लावता काढता येत नाही. त्याऐवजी पुन्हा पुसून काढता येईल असं मेण लावतात. ब्रिटिश म्युझियमच्या प्रयोगशाळेत १९५० च्या दशकात तयार झालेलं मेण त्यासाठी जगभर वापरलं जातं. मुख्य म्हणजे खोलीतला दमटपणा स्थिर राखतात. कपाटातल्या बंदुकीसाठी हे बरोबरच आहे. आजोबांची बंदूक कपाटात नव्हती, ती रात्री मळ्यात जायची.

आणि ज्यांच्या घरी जवसाचं तेल वापरात आहे, रंगारी मंडळी ज्याला बेलतेल म्हणतात ते धरून, त्यांच्यासाठी एक इशारा. तेल पुसलेली चिंधी चुरगळून कोपऱ्यात टाकू नका. तेल वाळताना उष्णता निर्माण होते, ती बोळ्यात कोंडते आणि चिंधी आपोआप पेट घेते. २३ फेब्रुवारी १९९१ ला अमेरिकेत फिलाडेल्फियामध्ये ‘वन मेरिडियन प्लाझा’ या ३८ मजली इमारतीच्या बाविसाव्या मजल्यावर अशाच चिंध्यांनी आग लागली. तीन अग्निशमन जवान गेले. आजोबा आपली चिंधी नेहमी अंगणातल्या दोरीवर पसरून वाळत घालायचे. कारण त्यांनी कधी सांगितलं नाही. पलटणीत तसं करायचे, एवढंच.

त्या जूनमध्ये आजोबांनी बंदूक घेऊन मला आमच्या वाडीतल्या सुतारकाकांकडे पाठवलं आणि मागोमाग स्वतः आले. काकांनी स्पिरिटच्या बोळ्याने माझं सगळं पॉलिश अर्ध्या तासात उतरवलं. मग म्हणाले, ठाण्यात आपटून पोचे पडलेत, ते उठवू. ओलं फडकं दस्त्यावर ठेवलं आणि त्यावरून कोळशाची इस्त्री फिरवली. वाफेने दबलेले तंतू फुगतात आणि पोचा भरून येतो, हे सुतारांचं जुनं काम. डाव्या बाजूवरून इस्त्री उचलली तेव्हा काका जरा चमकले. त्यांनी दस्ता दाराच्या उजेडात तिरका धरला.

शिक्का ठोकताना आकड्यांखालचं लाकूड खोलवर दाबलं गेलेलं होतं. मी वरचा भाग घासून सपाट केला, तरी ते दबलेले तंतू आत तसेच होते. वाफ मिळताच ते फुगले आणि आकडे खोलगट न येता उठावाने वर आले. सगळे नाही. चिन्हाची जागा कोरीच राहिली. दोन आकडे कळण्याजोगे होते, तिसरा अर्धवट.

आजोबांनी चष्मा लावला नाही. अंगठ्याने चाचपून म्हणाले, “हो सात. हो बघ.” मग खिशातून जवसाच्या तेलाची छोटी बाटली काढून माझ्या हातात दिली आणि पायरीवर बसले.